रोही आडवा आला, बंपर गेला: क्लेम टाकू की एनसीबी वाचवू?

दिग्रसकर

नमस्कार मंडळी. परवा रात्री आर्णीहून दिग्रसकडे येताना तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) निघाला आणि थेट गाडीसमोर आला. वेग फार नव्हता, ब्रेकही लागला, पण धडक बसलीच. गाडीत मी, बायको आणि आई. कोणाला काही झालं नाही. रोही उठून पलीकडच्या वावरात निघून गेला. गाडीचं मात्र समोरचं डावं अंग बसलं.

यवतमाळच्या वर्कशॉपने एस्टिमेट दिलं ते असं: बंपर ३,२००, डावा हेडलाइट ५,६००, बोनट ४,८००, पेंटिंग ३,०००, मजुरी १,८००. एकूण १८,४०० रुपये.

गाडी १२०० सीसी पेट्रोल, साडेचार वर्षांची. पाचवी पॉलिसी चालू आहे, आजवर एकही क्लेम नाही, सध्या ४५ टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट) मिळतोय. बोनस वजा करण्याआधीचा ओडीचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता ९,००० धरा. झिरो डेप (क्लेममधून घसारा न कापण्याचं जादा कवच) यंदा घेतलेलं नाही.

एजंट म्हणतो, टाकून द्या क्लेम, त्याचसाठी तर पैसे भरता. साळा म्हणतो, क्लेम घेतला की इतक्या वर्षांची कमाई गेली. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. ज्यांना यातलं नीट समजतं त्यांनी सांगावं. वर्कशॉपवाल्याला दोन दिवसांत हो की नाही कळवायचं आहे.

राळेगावचा_शेतकरी

भाऊ, आई आन् वहिनी बऱ्या हायत ना? थे मुख्य. रोह्याच्या धडकेनं लोकायचे हातपाय मोडले इकडं. कापसाच्या दिवसात अंधार पडला की आमी गाडी काढतच नाही, काढली तं चाळीसच्या वर नाही नेत.

मले एक इचाराचं हाय. रानडुकरानं पीक खाल्लं तं वनखातं पैसे देते. मंग गाडी फुटली तं काऊन नाही देत?

पॉलिसीवाला_काका

शेतकरीभाऊ, वनखात्याची भरपाई पीक, पाळीव जनावर आणि माणसाची इजा किंवा मृत्यू यांच्यासाठी आहे. गाडीसाठी तिच्यावर विसंबू नका. गाडीचा खर्च विम्यातूनच निघतो, तोही पॅकेज पॉलिसी (आपलं आणि समोरच्याचं, दोन्ही नुकसान धरणारी) असेल तर. नुसती थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीपुरती) काढली असेल तर रोह्याने फोडलेल्या बंपरचा एक रुपयाही मिळत नाही.

दिग्रसकर, आता तुमच्याकडे येतो. मी पुसदला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा एजंट आणि साळा दोघंही अर्धं बरोबर बोलतायत, कारण दोघांनीही आकडेमोड केलेली नाही.

आधी बोनस कसा चढतो ते बघा. एक वर्ष क्लेम नाही तर पुढच्या हप्त्यावर २० टक्के सूट. दोन वर्षं नाही तर २५, तीनला ३५, चारला ४५, पाचला ५०. त्याच्यावर जात नाही. आणि एक क्लेम झाला की, तो तीन हजारांचा असो की तीन लाखांचा, पुढच्या नूतनीकरणाला सरळ शून्य. एक पायरी खाली येऊन थांबत नाही, पार तळाशी. इथूनच लोकांची भीती सुरू होते.

पण ही सूट पूर्ण हप्त्यावर नसते, फक्त ओडीवर म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असते. थर्ड पार्टीचा दर सरकारी असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये. त्यात बोनसची सूट नाही आणि क्लेम केला म्हणून वाढही नाही.

तुमचा तोटा किती? क्लेम केला नाही तर पुढची पाचही वर्षं ५० टक्के. केला तर ०, २०, २५, ३५, ४५ असं चढत जाल आणि सहाव्या वर्षी परत ५० वर याल. दोन्हींतला फरक वर्षागणिक ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के. बेरीज १२५ टक्के. म्हणजे तुमच्या एका वर्षाच्या ओडी हप्त्याच्या सव्वापट. ९,००० ला सव्वापट ११,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १३,२७५ रुपये. गाडी जुनी होते तशी आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरते आणि ओडीही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात साडेअकरा-बारा हजारांपर्यंत येईल.

आता मिळणार किती? प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, गाडी कितीही नवीन असली तरी. हेडलाइटही त्यातच धरतात. म्हणून बंपरचे १,६०० आणि हेडलाइटचे २,८००. लोखंडी भागाला वयाप्रमाणे कापतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, म्हणून बोनटचे ३,१२०. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्या हिश्श्यावर निम्मा घसारा, म्हणजे ३,००० पैकी २,६२५. मजुरी पूर्ण १,८००. झाले ११,९४५. त्यातून सक्तीची वजावट १,००० (१५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). हातात १०,९४५.

तुम्ही १०,९४५ घेणार आणि पुढच्या पाच वर्षांत हळूहळू बारा-तेरा हजार परत देणार. शिवाय यवतमाळच्या चकरा वेगळ्या. माझं मत: या एस्टिमेटवर क्लेम टाकू नका.

वणीकर

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो, पण मला हे पटत नाही. वर्षानुवर्षं पैसे भरायचे आणि वेळ आली की आपणच आपल्या खिशातून करायचं, मग विमा काढायचा कशाला? कंपन्यांना हेच हवं असतं. लोक घाबरून क्लेम करत नाहीत आणि त्यांचे पैसे वाचतात.

पॉलिसीवाला_काका

वणीकर, तुमचा राग रास्त आहे. पण विमा घ्यायचा तो ज्या खर्चाने घर हलतं त्याच्यासाठी. माझ्याकडच्या एका शेतकऱ्याची बोलेरो पुलावरून नाल्यात उलटली. दुरुस्ती दोन लाखांच्या वर. तो माणूस मला विचारत होता, काका, माझा ५० टक्के बोनस जाईल का? मी म्हटलं, जाऊ दे! तुझा ओडी तेरा हजारांचा, सव्वापट म्हणजे सोळा-सतरा हजार, त्यापायी दोन लाख सोडतोस का? त्याला बोनसचं इतकं भय घातलं होतं कोणीतरी, की तो मक्त्याने घेतलेल्या जमिनीचे पैसे मोडायला निघाला होता. हे भय मला क्लेम नाकारण्याइतकंच वाईट वाटतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात, तेव्हा तर बोनसचा विचारही मनात आणू नका.

बोनस जितका कमी चढलेला, तितकं क्लेम केल्याने कमी जातं. पुढच्या वर्षी पहिल्यांदाच २० टक्के मिळणार असतील तर क्लेमचा एकूण तोटा ओडीच्या निम्मा. २५ मिळणार असतील तर ०.८ पट. ३५ ला १.०५, ४५ ला १.२, ५० ला १.२५. आपला आकडा यात घाला आणि घसारा कापून मिळणाऱ्या रकमेशी ताडून बघा. मिळणारी रक्कम दीडपट-दोनपट असेल तर बिनधास्त क्लेम करा.

गॅरेज_दारव्हा

काकांचा हिशोब बरोबर आहे, पण एस्टिमेटच अपुरं असेल तर? माझ्याकडे महिन्याला दोन-तीन गाड्या अशा येतात, रोही नाहीतर डुक्कर. रोह्याची उंची लक्षात घ्या. त्याची छाती बरोबर बंपरच्या वरच्या पट्टीला आणि ग्रिलला लागते. बाहेरून नुसता बंपर सुटलेला आणि बोनटला खळगा दिसतो. आत एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्या मागे रेडिएटर, आणि दोन्ही धरून ठेवणारा सपोर्ट. कंडेन्सरच्या पत्र्या इतक्या नाजूक की बोटाने दाबल्या तरी वाकतात. गॅस लगेच सगळा जात नाही, आठ-दहा दिवसांनी एसी गरम हवा फेकायला लागतो. तोवर बिल देऊन झालेलं असतं.

भाऊ, बंपर उतरवून बघितल्याशिवाय हो की नाही काहीच कळवू नका. गाडी सुरू करून एसी लावा, रेडिएटरखाली ओल दिसते का बघा, कूलंटची पातळी काल होती तिथेच आहे का बघा. हेडलाइटची काच फुटली नसेल, नुसते कान तुटले असतील तर प्लास्टिक वेल्डिंग होतं, चारपाचशेत काम होतं. काच फुटली असेल तर मात्र बदलाच, पाणी शिरून बल्ब उडत राहतात.

आणि काही उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, नंबर प्लेट दिसेल असे. सर्व्हेअरने (क्लेमसाठी नुकसान तपासणाऱ्याने) बघण्याआधी दुरुस्ती सुरू केली तर नंतर क्लेम करायचं ठरवलं तरी अवघड जातं.

दिग्रसकर

गॅरेजभाऊ, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. उद्याच बंपर उतरवून घेतो.

तोपर्यंत एक विचारतो. चूक माझी नव्हती, रोही आडवा आला. तरी बोनस जातो? आणि समजा उभ्या गाडीला कोणी ट्रॅक्टर लावला असता तर?

पॉलिसीवाला_काका

आपल्याकडे चूक कोणाची हे बोनसला बघत नाहीत. आपल्या पॉलिसीतून ओडीचे पैसे घेतले एवढंच बघतात. रोही असो, गारपीट असो, कोणी मागून येऊन ठोकलं असो.

ट्रॅक्टरवाल्याने ठोकलं तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून आपलं नुकसान मागता येतं आणि मग आपल्या बोनसला हात लागत नाही. पण त्यासाठी पोलिसात नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. बंपरसाठी एवढं कोणी करत नाही. गावात बहुतेक वेळा चार माणसं बसून जागच्या जागी मिटवतात, तेच बरं पडतं. फक्त त्याच्याकडून पैसे घेतल्यावर त्याच नुकसानीचा क्लेम परत आपल्या कंपनीकडे टाकायचा नाही.

उलट बाजूही सांगतो. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली आणि त्याने तुमच्या थर्ड पार्टीवर दावा केला, तर त्याने तुमचा एनसीबी जात नाही. लोक उगाच घाबरून जखमीला नाव-नंबर देत नाहीत. असं करू नका.

मेहकरकर

माझ्या माहितीतला एक प्रकार सांगतो, कारण यात पुष्कळ जण फसतात. आमच्या नात्यातल्या एकाने कंपनी बदलली. आधीच्या वर्षी क्लेम झाला होता. नवीन पॉलिसी काढणाऱ्याने 'मागच्या वर्षी क्लेम नाही' असं भरलं आणि ३५ टक्के सूट लावून स्वस्तात पॉलिसी दिली. यांना वाटलं, चांगला भाव मिळाला. सहा महिन्यांनी अपघात झाला, तेव्हा कंपनीने जुन्या कंपनीकडे चौकशी केली आणि क्लेम नाकारला. दोन-अडीच हजार वाचवायला गेले आणि लाखभर अंगावर पडलं. फॉर्मवर सही यांचीच होती, त्यामुळे काढून देणारा बाजूला झाला.

पॉलिसीवाला_काका

हे फार महत्त्वाचं आहे, सगळ्यांनी परत एकदा वाचा. मोटार टॅरिफच्या नियमांतच होतं की नवीन कंपनीने पॉलिसी दिल्यावर २१ दिवसांत जुन्या कंपनीला बोनसबद्दल विचारावं. कंपनीने विचारलं नाही म्हणून ग्राहक आयोगात भांडता येतं, पण ज्याची गाडी गॅरेजमध्ये पडून आहे त्याने कोर्टकचेऱ्या का कराव्यात? पॉलिसी हातात आली की आधी एनसीबीचा रकाना बघा. आपल्या हक्कापेक्षा जास्त टक्के दिसले तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, फरक भरा आणि दुरुस्त पॉलिसी मागून घ्या.

यातलाच दुसरा प्रकार. पॉलिसी संपायला आठ दिवस असताना अपघात होतो. माणूस आधी बोनस लावून नूतनीकरण करून घेतो आणि मग जुन्या पॉलिसीवर क्लेम टाकतो. क्लेम अपघाताच्या तारखेच्या पॉलिसीवर धरतात. मग नवीन पॉलिसीत घेतलेली सूट परत भरावी लागते, नाही भरली तर पुढचा क्लेम अडकतो.

विदर्भकन्या

मला वेगळी अडचण आहे. आम्ही नवीन गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने तीन वर्षांचा विमा आहे सांगितलं. आम्ही निर्धास्त होतो. आता दुसऱ्या वर्षी झाडाची फांदी पडून टप बसला तर कळलं की विमा फक्त थर्ड पार्टीचा शिल्लक आहे. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा आहेत, इतक्या बारीक अक्षरात की सासऱ्यांनी भिंग घेऊन वाचल्या. ओडी संपून पाच महिने झालेत. आता काय होईल?

पॉलिसीवाला_काका

ताई, १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची झाली, दुचाकीला पाच वर्षांची. सोबत ओडी सहसा एकाच वर्षाची देतात. शोरूममधून बाहेर पडताना हे कोणी समजावून सांगत नाही आणि खेड्यापाड्यात माझ्याकडे असे कितीतरी जण येतात. पोलिसाने अडवलं तर कागद बरोबर असतात, त्यामुळे आपल्या गाडीचं कवच संपलंय हे अपघात झाल्याशिवाय कळतच नाही.

या फांदीचे पैसे मिळणार नाहीत. आणि ओडी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर मिळवलेला बोनसही जातो, म्हणजे तुमचे २० टक्के गेले. आता नुसती ओडी वेगळी काढता येते, २०१९ पासून ती सोय आहे. कंपनी गाडीची पाहणी करेल, आधीची मोडतोड नोंदवून घेईल, मग पॉलिसी देईल. उशीर करू नका. पावसाळा तोंडावर आहे, गाडी अशी उघडी ठेवू नका.

दिग्रसकर

बंपर उतरवला. गॅरेजभाऊ म्हणाले तसंच निघालं. कंडेन्सरला मधोमध खड्डा पडलाय, रेडिएटर खालच्या कोपऱ्याला पाझरतोय, सपोर्ट वाकलाय. वाढीव एस्टिमेट: कंडेन्सर ७,५००, रेडिएटर ६,०००, सपोर्ट ३,६००, जादा मजुरी २,५००, गॅस आणि कूलंट १,४००. नवीन एकूण ३९,४००.

काकांच्या पद्धतीने मीच मांडलं. कंडेन्सर, रेडिएटर, सपोर्ट तिन्ही धातूचे, ३५ टक्के कापून ११,११५. मजुरी २,५००. गॅस-कूलंट मिळत नाही असं वर्कशॉपवाला म्हणाला. आधीच्या १०,९४५ मध्ये मिळवले तर २४,५६०. बोनसचा तोटा जास्तीत जास्त १३,२७५. म्हणजे क्लेम केला तर अकरा हजारांच्या वर फायदा. बरोबर आहे ना? की वजावट परत एकदा जाईल?

पॉलिसीवाला_काका

अगदी बरोबर. वजावट एका अपघाताला एकदाच. गॅस, कूलंट, तेल, नटबोल्ट हे कन्झ्युमेबल्समध्ये जातं, त्याचं अ‍ॅड-ऑन नसेल तर मिळत नाही. आता खुशाल क्लेम टाका. आजच कंपनीच्या नंबरवर कळवा, अपघाताची खरी तारीख आणि जागा सांगा, क्लेम नंबर लिहून घ्या.

आणि मागच्या वर्षीचा दाराचा ओरखडा यातच बसवून देतो असं वर्कशॉपमध्ये कोणी म्हणालं तर ऐकू नका. प्रत्येक अपघात वेगळा, त्याचा क्लेम वेगळा. सर्व्हेअर गंज आणि धूळ बघून ओळखतो, आणि खोटं निघालं तर खरा क्लेमही हातचा जातो.

एक मात्र ध्यानात ठेवा. या वर्षीचा बोनस आता गेलाच आहे. पॉलिसी संपेपर्यंत दुसरं खरं नुकसान झालं, समजा आठ-दहा हजारांचं, तर त्या क्लेमने एनसीबी आणखी कमी होत नाही, शून्याच्या खाली काही नाही. पण कंपनी ओडीचा मूळ भाव ठरवताना क्लेम किती झाले ते बघू शकते. २००७ पासून ओडीचे दर कंपन्यांच्या हातात आहेत. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, आणि सगळीकडे क्लेम झाल्याचं खरं सांगूनच विचारा.

वणीकर

काका, आता पटलं. शेवटी आकडा मांडूनच ठरवायचं. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन असतं म्हणतात, ते घ्यावं का?

पॉलिसीवाला_काका

४५-५० टक्क्यांवर पोचलेल्याने आणि रोज रात्री पांढरकवडा, टिपेश्वरच्या बाजूने जाणाऱ्याने जरूर घ्यावं. वर्षात एक किंवा दोन क्लेम झाले तरी टक्के टिकतात, किती ते कंपनीवर आहे. ते टक्के राखतं, ओडीचा मूळ भाव वाढणार नाही याची हमी देत नाही. आणि कंपनी बदलली की ही राखण बहुधा सोबत येत नाही, त्यामुळे घेताना अटीचं पान वाचून घ्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षी, जेव्हा राखायला २० टक्केच असतात, तेव्हा मी ते सुचवत नाही. त्याऐवजी झिरो डेप घ्या. दिग्रसकरांकडे झिरो डेप असतं तर घसाऱ्यात गेलेले बारा-साडेबारा हजार वाचले असते.

राळेगावचा_शेतकरी

काका, माह्या बाच्या नावानं गाडी होती. बा मागच्या साली वारला. बोनस ५० टक्के होता. आता गाडी माह्या नावानं कराची हाय. भाऊ म्हणते का बोनस गाडीले असते, आपसूक येईन. एजंट म्हणते का नाही येत. खरं काय?

पॉलिसीवाला_काका

फार वाईट वाटलं वाचून, भाऊ.

बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तर घेणाऱ्याला तो मिळत नाही. पण मृत्यूनंतर गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडिलांकडे वारसाने आली तर तो त्यांना मिळतो. तुम्ही मुलगा आहात, म्हणजे तुमचा हक्क आहे. मृत्यू दाखला, वारसाचे कागद, आरसी तुमच्या नावावर झाल्याची नोंद, आणि जुनी पॉलिसी कंपनीकडे द्या. भावाचीही संमती लेखी घेऊन ठेवा. आणि जुनी पॉलिसी संपून ९० दिवस व्हायच्या आत हे उरका.

वरुडची_ताई

काका, मग विकणाऱ्याचं काय? आम्ही संत्र्याचा हंगाम झाला की जुनी गाडी विकून मोठी घेणार आहोत. आमचा ४५ टक्के आहे. घेणारा अमरावतीचा आहे, तो म्हणतो विमा आहे तसाच द्या, माझे पैसे वाचतील.

पॉलिसीवाला_काका

ताई, पॉलिसी त्याच्या नावावर होऊ शकते, बोनस नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत त्याने कंपनीकडे बदलीचा अर्ज करायचा आणि उरलेल्या महिन्यांपुरता बोनसचा फरक भरायचा. हे न करता तो तुमच्याच नावाच्या पॉलिसीवर गाडी चालवत राहिला तर अपघातात त्याला ओडीचे पैसे मिळणार नाहीत, आणि गाडी तुमच्या नावावर दिसतेय म्हणून नोटिसा तुम्हाला येतील. तेव्हा मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून पैसे घेतले की झालं असं समजू नका, आरसी बदलल्याची प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.

तुमचा बोनस तुमच्याकडेच राहतो. कंपनीला लेखी अर्ज द्या, सोबत पॉलिसीची प्रत आणि गाडी विकल्याचा पुरावा जोडा, आणि एनसीबीचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या कंपनीलाही दाखवता येतं. कारचा बोनस कारलाच लागतो, स्कूटीला नाही. नव्या मोठ्या गाडीचा ओडी जास्त असतो, म्हणून ४५ टक्के तिथे लावले तर जुन्या गाडीपेक्षा जास्त रुपये वाचतील. शोरूममध्ये विम्याचा कागद छापण्याआधी ते पत्र त्यांच्या टेबलावर ठेवा. एकदा शून्य टक्क्यांनी पॉलिसी निघाली की दुरुस्त करायला चकरा होतात.

कंपनी पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर आधी तिच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा, मग बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, त्यानंतर विमा लोकपाल आहेच. लोकपालाकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

वरुडची_ताई

आभारी आहे काका. पत्र आधी हातात घेते, मगच गाडी बुक करते.